घुमट कुणासारखा?

नमस्कार श्रोतेहो.

वऱ्हाडात एसटीनं फिरताना हल्ली गावोगावच्या नव्या मशिदी एकाच धाटणीच्या दिसतात. हिरवा घुमट, बाजूला अणकुचीदार मिनार. घुमट मदिनेचा, मिनार तुर्कस्तानचे. मदिनेतल्या पैगंबरांच्या मशिदीवरचा तो घुमट आजच्या रूपात १८१८ साली बांधला गेला आणि हिरवा झाला १८३७ साली. आपल्या गाविलगडावरची जामा मशीद त्याहून कितीतरी जुनी!

जुन्या शैलीची ही ओढ जगभर आहे. तुर्कस्तानात अंकाराच्या कोजातेपे मशिदीसाठी वास्तुकार वेदात दालोकाय यांचा आधुनिक आराखडा निवडला गेला होता. पायाचं काम सुरू झालं, मग ओरड झाली आणि ते मोडून टाकलं. त्या जागी १९८७ साली पुरी झाली ती सोळाव्या शतकातली वाटावी अशी काँक्रीटची मशीद, आणि तिच्या पोटात सुपरमार्केट न् गाड्यांचा तळ! दालोकाय यांनी पुढं इस्लामाबादची फैसल मशीद घडवली. तिला घुमटच नाही, आकार तंबूचा.

पण जुन्याकडं वळणारे सगळेच नक्कल करत नाहीत, बरं का. इजिप्तचे वास्तुकार अब्देल वाहेद अल-वकील यांनी सौदी अरेबियातल्या जेद्दात विटांचे घुमट जुन्या रीतीनं रचले. रूप घेतलं, तसं कसबही घेतलं. त्यांच्या तिथल्या समुद्रकाठच्या मशिदीला १९८९ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

आपल्याकडं कसब गळतं आणि रूप तेवढं उरतं. स्लॅब ओततात, वर फायबरचा घुमट बसतो. आतून तो दिसतही नाही, मग गरम हवा वर जाणार कुठून? मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाला त्या स्लॅबखाली उभं राहून बघा. ढाक्यात वास्तुकार मरीना तबस्सुम यांनी घुमट-मिनार दोन्ही वगळून विटांची मशीद बांधली. हवा भिंतींच्या जाळीतून येते, उजेड छतातल्या भोकांतून. २०१६ साली तिलाही तोच पुरस्कार मिळाला.

जुनंच हवं असेल, तर बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेडची दगडी मशीद आहे. मशीद कमिटीच्या मंडळींनी कॅटलॉगातून घुमट निवडण्याआधी मिस्त्रीला घेऊन तिथं जावं, सोबत टेप ठेवावा. भिंतीची जाडी मोजावी, कमानीची उंचीही. आणि हो, जावं भर दुपारी.