मुळांना हवी हवा : मोठी ऑर्किडं टांगत्या टोपलीत

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला होता ‘घरातली ऑर्किडं’. तो मी जरा आवळून घेतला आहे. खिडकीतल्या छोट्या कुंड्यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. आज आपण मोठ्या, टांगायच्या झाडांबद्दल बोलू. वांडा, स्टॅनहोपिया, लोंबणारी डेंड्रोबियम, आपली सीतेची वेणी ही सगळी त्यातलीच. यातली बहुतेक रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. फांदीचा रस ती शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. त्यांची मुळं वाऱ्यावर असतात, पावसात चिंब होतात आणि पाऊस थांबला की तासाभरात सुकतात. ही ओल-सुकीची पाळी सांभाळली की अर्धं काम झालं.

वांडाचं मूळ जवळून बघा. कोरडं असताना ते चंदेरी-पांढरं दिसतं, टोकाला तेवढा हिरवा ठिपका असतो. त्यावर पाणी मारा, मिनिटाभरात रंग पालटू लागतो आणि सगळं मूळ हिरवं होतं. मुळावर मृत पेशींचं स्पंजासारखं वेष्टन असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. सुकं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून पांढरं दिसतं. पाणी शिरलं की ते पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. त्यामुळे पाणी पुरेसं झालं का, हे मला विचारू नका, मुळाला विचारा. वरवर एक फवारा मारून काहीच होत नाही. मुळं सगळीकडून हिरवी होईपर्यंत भिजवा. बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवलीत तरी चालेल. मात्र पाण्यात फक्त मुळं बुडवा. वरच्या पोंग्यात पाणी साचून रात्रभर राहिलं तर पोंगा कुजतो, आणि वांडाला वाढीचं टोक एकच असतं. तळाशी पिल्लू फुटलं तर फुटलं, पण त्या भरवशावर राहू नये. म्हणून पाणी सकाळी द्या.

आता टोपलीत भरायचं काय? मोठ्या वांडासाठी माझं उत्तर आहे, जवळजवळ काहीच नाही. लोकांना हे पटत नाही. रिकामी टोपली बघून हात शिवशिवतात आणि कोणीतरी मूठभर माती टाकतंच. माती म्हणजे या मुळांचा गळा दाबणं. हवा कोरडी असेल, रोज पाणी घालणं जमत नसेल, तर कोळशाचे नाहीतर विटेचे मोठाले तुकडे टाका. नारळाची सोडणं वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यांतले क्षार काढून टाका. तुकडे मोठेच हवेत. बारीक भुगा दोन पट्ट्यांच्या मधून खाली तरी पडतो, नाहीतर घट्ट बसून चिखल होतो. उलट जिथे हवा दमट आहे, तिथे काही न भरणंच उत्तम.

स्टॅनहोपियाची गोष्ट वेगळी. तिला टोपली हवी ती फुलांसाठी. तिचा फुलोरा वर येतच नाही, बल्बच्या, म्हणजे खोडाच्या फुगीर गाठीच्या, बुडातून निघतो आणि सरळ खाली जातो. कुंडीत लावलीत तर तो दांडा आतल्या आत तळाला टेकतो आणि कुजतो. वर्षानुवर्षं निगा करून ‘फुलतच नाही’ म्हणणारे लोक असतात; झाड बहुधा दरवर्षी फुलत असतं, फक्त कुंडीच्या आत. म्हणून तिची टोपली उघड्या तळाची, रुंद फटींची हवी. आत सैल शेवाळ आणि सोडणांचे तुकडे, म्हणजे ओल टिकते. दांड्याच्या वाटेत प्लॅस्टिकची जाळी अंथरू नका. फुलं मोठी, वासाला जबरदस्त, आणि टिकतात जेमतेम तीन दिवस. मूळ प्रदेशात हा वास ऑर्किड-मधमाश्यांच्या नरांसाठी असतो. ते फुलाच्या बुडातून सुगंधी द्रव्य गोळा करून नेतात आणि त्या धावपळीत परागीकरण होऊन जातं. मला विचाराल तर त्या तीन दिवसांसाठी वर्षभर टांगून ठेवावी अशी ही वनस्पती आहे. ज्यांना टिकाऊ फूल हवं त्यांनी वांडा घ्यावी. तिची फुलं काही आठवडे राहतात.

ग्रामॅटोफायलम स्पेसिओसम हे जगातलं सर्वांत वजनदार ऑर्किड मानलं जातं. त्याची काही मुळं वरच्या दिशेला सुयांसारखी उभी राहतात आणि गळलेली पानं त्यांत अडकतात. ती कुजून खत होतं. म्हणजे हे झाड स्वतःची टोपली स्वतःच विणतं! घरी टांगायच्या भानगडीत मात्र पडू नका, छत खाली येईल.

वजनाचा मुद्दा निघालाच आहे, तर भिजलेली टोपली उचलून बघितल्याशिवाय हुक ठोकू नका. सुक्या वजनावर अंदाज बांधणारे फसतात. हुक गिलाव्यात नको, काँक्रीटमध्ये किंवा तुळईत हवा. तार स्टेनलेस स्टीलची घ्या. तांब्याची तार ऑर्किडला मानवत नाही. टोपली सागवानी पट्ट्यांची असेल तर ओलीतही बरीच वर्षं टिकते.

उजेड किती, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर पानांत आहे. गर्द हिरवी, लुसलुशीत पानं बघायला छान, पण अशी वांडा सहसा फुलत नाही, तिला उजेड कमी पडतोय. पोपटीकडे झुकणारा हिरवा रंग योग्य. तांबूस झाक दिसू लागली तर ऊन वाढलंय, शेडनेट लावा. कोरडे, पांढरट चट्टे उठले तर पान भाजलं, ते पुन्हा हिरवं होणार नाही. आणि दांडा दिसू लागला की टोपली फिरवायची नाही. कळ्या उजेड आणि गुरुत्वाकर्षण यांच्या हिशोबाने वळतात. तुम्ही रोज दिशा बदललीत तर एक फूल इकडे, दुसरं तिकडे.

खत पातळ द्या, पुड्यावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत, वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा. मधूनमधून नुसत्या पाण्याने मुळं धुवा, नाहीतर त्यांच्यावर क्षारांचा थर बसतो.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : झाड टोपलीबाहेर गेलं, मुळं पट्ट्यांना चिकटली, आता काय? ओरबाडू नका. मूळ पट्टीला असं धरतं की ओढल्यावर सालच निघते. जुनी टोपली तशीच्या तशी मोठ्या टोपलीत बसवा, मधल्या जागेत कोळशाचे चार तुकडे घाला. लोंबणारी मुळं आत कोंबू नका, ती बाहेरच राहू द्या. आणि तारा त्याच वेळी नव्या घाला.