तपासणी नाल्यापासून सुरू करा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘भूमिगत कोळसा खाणी आणि पर्यावरणीय अटींची तपासणी’. इतक्या रुक्ष विषयाला, तेही चंद्रपूरच्या उन्हात, एवढी माणसं आली म्हणजे एकतर इथला कूलर चांगला असणार, नाहीतर चहाबरोबर आलुबोंडा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याकडे खाणीची तपासणी तिचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती नाल्यापासून सुरू व्हायला हवी. नाला, पंप आणि नकाशा अशी तिन्हींची मांडणी करणार आहे. निम्म्या घरांत कुणी ना कुणी खाणीत असेलच, त्यामुळे इन्क्लाइन म्हणजे आत उतरणारा तिरका बोगदा, गोफ म्हणजे कोळसा काढल्यावर मागे उरलेली पोकळी, डिपिलरिंग म्हणजे छताला आधार देणारे कोळशाचे खांब काढणं, इतकंच सांगतो; जास्त समजावत बसत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोकरीत असताना दिवाळीच्या सुमारास एका खाणीवर गेलो होतो. नाव सांगणार नाही, पेन्शन चालू आहे. आम्ही येणार हे खाणीला आधीच कळलेलं. कसं कळतं ते मलाही कुणी सांगितलं नाही, पण गेटपासून ऑफिसपर्यंत चुन्याची ताजी रेघ दिसली की समजायचं. खाणीचं पाणी निवळायच्या सेटलिंग टँकच्या कठड्याला गेरू. भोवती रोपं लावलेली, त्यातल्या एकाच्या मुळाला नर्सरीची काळी पिशवी तशीच. अर्धी मातीत, अर्धी बाहेर.

मग नमुना. 1974 च्या जल कायद्याचं कलम 21. खाणवाल्यांच्या समक्ष नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील, दोन्हींवर दोघांच्या सह्या. वारा असा, की मेणबत्ती टिकेना आणि लाख वितळेना. शेवटी मॅनेजरसाहेबांनीच आपलं हेल्मेट आडोशाला धरलं. ज्याची तपासणी, त्यानेच इतक्या प्रेमाने मदत केलेली मी पुन्हा पाहिली नाही! त्यांना निकाल ठाऊक होता. कोळसा खाणींच्या सांडपाण्याची मानकं 2000 साली ठरली: सामू 5.5 ते 9, तरंगते कण लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस 10 पर्यंत. आमच्या बाटलीतलं पाणी तर पाहुण्यांना द्यावं इतकं नितळ. आपल्या कोळशात गंधक कमी, म्हणून इथलं खाणीचं पाणी सहसा आंबट होत नाही. मेघालयात उलट आहे, जैंतिया टेकड्यांतले ओढे त्यापायी नारिंगी झालेत. त्यावर पुन्हा कधीतरी, बोलावलंत तर.

तर लाख सुकत होती, तेवढ्यात बकऱ्या राखणारे एक आजोबा आले. म्हणाले, “साहेब, इथलं पाणी पायता, वरतं नाला कुठं गेला थे बी पाहा ना.” मॅनेजरसाहेब म्हणाले, जेवण गार होईल. गेस्ट हाऊसला पाटोडीचा रस्सा होता. तो मला मिळाला नाही, म्हणूनच इतका लक्षात आहे.

शेतं ओलांडून वर गेलो. नाल्याला घोटाभर पाणी. पुढे पात्रातच एक भेग, पंजा आडवा बसेल एवढी रुंद. कधीतरी मुरूम आणि काळी माती टाकून बुजवलेली, ती पावसात खचून गेलेली. पळसाचं एक वाळकं पान वाहत आलं, भेगेपाशी एक गिरकी घेतली आणि आत गेलं. त्यापुढे पात्र कोरडं ठणठणीत.

खाली डिपिलरिंग झालेलं होतं. कोळशाचे खांब काढले की छत बसतं, आणि खाण उथळ असली तर भेग थेट जमिनीपर्यंत येते. म्हणजे नाल्याचं पाणी गोफमध्ये, तिथून सम्पमध्ये म्हणजे खाणीच्या तळाच्या हौदात, पंपाने वर टँकमध्ये आणि पाइपातून आमच्या बाटलीत! नाल्याचंच पाणी आम्ही खाणीचं म्हणून पास करत होतो. पाइपाच्या खालच्या अंगाला नाला छान वाहत होता. भेग ते पाइप या पट्ट्यातल्या विहिरी मात्र तळाला गेलेल्या.

अहवालाच्या नमुन्यात पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी रकाने भरपूर, आत गेलेल्या पाण्यासाठी एकही नाही. मी शेऱ्यात लिहिलं. वरून उत्तर आलं, हा विषय सुरक्षेचा, आपला नव्हे. आता सुरक्षेचे नियम कडक आहेत, नाही म्हणत नाही. नदी, कालवा, तळं यांच्याखाली आणि काठापासून 15 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम नाही. खाणीचं तोंड सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा दीड मीटर वर हवं. 1995 साली धनबादकडे गसलीटांड खाणीत कतरी नदीचं पाणी शिरून 64 कामगार गेले. त्यामुळे सुरक्षावाले बघतात ते माणूस बुडवणारं पाणी, आम्ही बघतो ते पाइपातून येणारं. घोटाभर पाण्याचा नाला मुकाट्याने जमिनीत गेला, तर तो कुणाच्याच फायलीत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य भाषण आता पळत करावं लागणार.

नाला: डिपिलरिंगच्या पट्ट्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे प्रवाह मोजा. व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराच्या खाचेची पाटी, बसवायला फार खर्च नाही. जायचं ऑगस्टमध्ये, नाला वाहत असताना. पर्यावरण मंजुरीच्या अटींत भूजलाची पातळी वर्षातून चारदा मोजायला सांगतात, त्यात ऑगस्टही असतो. पण सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला जातात आणि ते खाणच लिहिते, म्हणून स्वतः जायचं.

पंप: पंप किती तास चालला याची नोंद खाणीतच असते. ती मागा आणि शेजारी पावसाचे आकडे ठेवा. मोठ्या सरीनंतर लगेच पंपाचे तास चढले, तर वर कुठेतरी भेग उघडी आहे असा संशय घ्यायचा आणि शोधायला निघायचं. प्रयोगशाळा लागत नाही.

नकाशा: खाणीचा नकाशा गावनकाशावर ठेवला, की कुठल्या गट नंबरखाली खांब काढले ते दिसतं. भेगा बुजवायची अट मंजुरीत असतेच, पण कुठली भेग कधी बुजवली आणि पावसाळ्यानंतर ती टिकली का, हे गट नंबरसकट ग्रामपंचायतीत लागलं पाहिजे.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न घेतो. ज्यांच्या शेतात भेग पडलीय त्यांनी आधी विचारा, अधिकारी मंडळींनी नंतर.