डुगडुगणारा कोपरा

(दृश्य: टेबलावर बंद लॅपटॉप. एक बोट कोपरा दाबतं. टक्. बोट उचललं जातं. पुन्हा टक्.)

ऐकलात आवाज? वापरलेला लॅपटॉप घेताना आपण बॅटरी किती टिकते ते विचारतो, स्क्रीन तिरकी धरून ओरखडे शोधतो, कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघतो. उलटा करून बघायचं मात्र राहून जातं. आणि मग टायपिंगला बसलं, की हा टक् टक्.

या लॅपटॉपच्या बुडाला चार रबरी पाय. त्यातला एक गेला तर तीन उरले, म्हणजे तिवईच झाली की. आणि तिवई तर कधी डुगडुगत नाही! खरं आहे. पण इथे आपला तळहात टेकतो तो नेमका पाय नसलेल्या कोपऱ्यावर.

(दृश्य: लॅपटॉप उलटा. हवेची जाळी, तीन काळे पाय, चौथ्याच्या जागी खळगा. खळग्यात काळपट चिकटा, त्यात अडकलेला एक केस.)

हे पाय नुसते घसरू नये म्हणून नसतात. बऱ्याच लॅपटॉपचा पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो, आणि त्या हवेला वाट मिळते ती या पायांनी टेबलापासून राखलेल्या काही मिलिमीटरच्या फटीतून.

मग ते पडतात का? दोन कारणं. आतल्या उष्णतेनं डिंक मऊ पडतो, आणि आपण लॅपटॉप उचलत नाही, सरकवतो. असा डिंक वर ओढलेलं बऱ्यापैकी सोसतो. आडवं, हळूहळू रेटलेलं त्याला सोसत नाही. पाय आधी केसभर सरकतो. उघड्या पडलेल्या डिंकाला धूळ चिकटते. मग एक दिवस पाय टेबलालाच चिकटून राहतो.

आता कामाला लागू. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. आधी बुडावर एक पट्टी आडवी ठेवून बघा. बूड मधे फुगलेलं दिसलं, तर दोष पायांचा नसून आतल्या बॅटरीचा असू शकतो. तिथे दाबादाबी नको. वापर थांबवायचा आणि लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.

बूड सपाट असेल, तर चिकट्याकडे वळू. खरं काम हेच आहे. पाय चिकटवायला दहा सेकंद लागतात. जागा साफ करायला अर्धा तास.

(दृश्य: अगदी जवळून. हेअर ड्रायरची कोमट हवा. मग जुन्या प्लास्टिक कार्डाची कड चिकट्याखाली सरकते.)

कोमट हवा, तीसेक सेकंद. हाताला सोसेल इतकीच. ब्लेड नको, त्याचा ओरखडा कायमचा. कार्डाच्या कडेनं जाड थर निघतो. उरलेल्यावर अंगठा गोल गोल फिरवला, की त्याच्या काळ्या वळ्या होतात. सांगायला संकोच वाटतो, पण या वळ्या निघताना बघण्यात भलतंच समाधान आहे.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे सफाईसाठीचं, पटकन उडून जाणारं द्रव. लॅपटॉपवर ओतायचं नाही. कापडाचा कोपरा ओला करून मिनिटभर दाबून धरायचा, मग पुसायचं. खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नको, कारण हे सहज पेट घेतं. नेलपॉलिश काढायच्या बाटलीकडे हात जाऊ देऊ नका. तिच्यात बहुधा ॲसिटोन असतं, आणि ते डिंकाबरोबर लॅपटॉपचं प्लास्टिकही विरघळवतं. बुडाला रबरासारखा मऊ लेप असेल तर अल्कोहोलनंही तो निघू शकतो. आधी कडेला, न दिसणाऱ्या जागी करून बघा. विंडोज ७ किंवा त्याआधीच्या लॅपटॉपच्या बुडावर परवान्याचं लेबल असतं. त्याच्यापासूनही लांब राहा, शाई पुसली जाते.

खोबरेल तेलानंही चिकटा निघतो, आणि छान निघतो. मीही पहिल्यांदा तेच केलं. पुसलं, नवे पाय लावले, आणि आठवड्याच्या आत दोन गळाले. बोटाला जागा कोरडी लागत होती, पण ओशटपणा गेला नव्हता. तेल वापरायचं तर शेवटचा हात अल्कोहोलचाच हवा. कापड स्वच्छ निघेपर्यंत.

(दृश्य: लॅपटॉप सुलटा, काचेवर. पाय नसलेल्या कोपऱ्याखाली कागदांची चळत सरकते.)

आता उंची. लोक इथेच घाई करतात. कोपऱ्याखाली साधे छपाईचे कागद एकेक वाढवत जा. कोपरा दाबल्यावर हलायचा थांबला, की कागद मोजा. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर. बावीस कागद लागले, तर पाय बुडाच्या पातळीपासून सुमारे २.२ मिलिमीटर बाहेर यायला हवा. खळग्याची खोली त्यात वेगळी मिळवायची. आणि हो, मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच असू शकतात. डोळे झाकून एकाच मापाचे चार घेऊ नका.

त्या मॉडेलचा मूळ सेट मिळाला तर उत्तमच. नाहीतर मागे डिंक असलेले तयार रबरी ठोकळे. सुपरग्लू टाळा, तो कडक होऊन तडकतो आणि भोवती पांढरी झाक सोडतो. शिवाय पायाखाली कधी कधी स्क्रू लपलेला असतो. तो उद्या उघडावा लागेल, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेपच बरी.

(दृश्य: चिमट्यानं धरलेला पाय खळग्यात बसतो. अंगठा दाबून धरतो.)

डिंकाला बोट लावायचं नाही. एकदाच नीट बसवायचा, जाळी झाकली जात नाही ना ते बघायचं, आणि घट्ट दाबायचा. मग थांबायचं. थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी या डबल टेपचं उदाहरण घ्या: साध्या तापमानाला वीस मिनिटांत तिची निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के, आणि पुरी व्हायला ७२ तास. तेवढा वेळ लॅपटॉप सरकवायचा नाही. उचलून ठेवायचा.

(दृश्य: तीन दिवसांनंतर. बोट कोपरा दाबतं. आवाज नाही. लॅपटॉप पुन्हा उलटा. कॅमेरा नव्या पायावरून पुढच्या डाव्या पायाकडे सरकतो. त्याच्या कडेला डिंकाची बारीक काळी रेघ.)

सेटमधले उरलेले पाय टाकू नका. हा पुढचा डावा... केसभर सरकलाय.