दगडातलं पान, लाकडात

(दृश्य: खाडीचा काठ. ओहोटी. चिखलातलं काटेरी पानांचं झुडूप.)

ठाण्याच्या खाडीत खारफुटीच्या कडेनं हे झुडूप दिसतं. नाव मारांडी. पानांना काटे, फुलं निळी-जांभळी. वनस्पतिशास्त्राच्या वहीत हिचं घराणं ॲकँथस. आपला अडुळसा आणि सह्याद्रीतली कारवी तिची लांबची नातेवाईक. ग्रीक भाषेत 'अकांथा' म्हणजे काटा.

मारांडीची एक सख्खी बहीण भूमध्य समुद्राकाठी राहते. तिची पानं रुंद, खोल कातरलेली. गेली चोवीसशे वर्षं ते पान माणूस कोरतोय. खांबांवर, थडग्यांवर, खुर्च्यांच्या पायांवर, आरशांच्या चौकटींवर.

(दृश्य: कामाचं टेबल. क्लॅम्पनं आवळलेला फिकट लाकडाचा ठोकळा. बाजूला पटाश्यांची रांग.)

इथे ते लाकडात उतरणार आहे. लाकूड लाइमचं. आपल्या लिंबाशी याचा काही संबंध नाही. हे युरोपातलं लिंडेनचं झाड. लोण्यासारखं कापलं जातं, आणि तंतूंची रेषा इतकी बारीक की शोधावी लागते. सतराव्या शतकात लंडनमध्ये ग्रिनलिंग गिबन्सनं याच लाकडात फुलांचे आणि पानांचे घोस कोरले.

पण हे पान मुळात आलं कुठून?

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस एक गोष्ट सांगतो. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरात एक तरुण मुलगी वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वर एक कौल झाकलं. टोपलीखाली ॲकँथसचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीला वेढून वर चढली, कौलाच्या कोपऱ्यांना अडली आणि बाहेर वळली. कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकारानं ते पाहिलं आणि कॉरिंथियन स्तंभशीर्ष, म्हणजे पानांनी वेढलेला खांबाचा माथा, जन्माला आलं.

गोष्ट इतकी नेटकी आहे की संशय यावा. १८९३ मध्ये कलेतिहासकार आलोईस रीगल यानं तो घेतलाच. त्याचं म्हणणं असं की झाडाकडे पाहून कुणी हे पान घडवलं नाही. त्याआधी नक्षीत पंख्यासारखं पसरलेलं एक पान होतं, पामेट. शिल्पकारांच्या हाताखाली ते हळूहळू वळत, कातरत गेलं, आणि ॲकँथससारखं दिसू लागलं.

कोरायला बसलं की रीगलची बाजू पटते. खऱ्या पानाला शिस्त नसते. याला आहे.

(दृश्य: कागदावरचा आराखडा. पेन्सिल मधल्या शिरेवरून खाली येते.)

बघा, पानाच्या कातरलेल्या एकेका भागाची, म्हणजे पाकळीची, शीर खाली येताना मधल्या देठाला काटकोनात धडकत नाही. सगळ्या शिरा वाकून, देठाला समांतर होत, तळाशी एकत्र येतात. कारंज्याचं पाणी उलटं पाहावं तसं. ही एक गोष्ट चुकली की पुढचं सगळं कोरीव काम कितीही सफाईदार असो, पान मेलेलं दिसतं.

आराखडा लाकडावर उतरवला, आणि पहिल्याच तासात तो पुसला जातो. कारण आधी पानाचा बाक काढायचा असतो: तळाशी आत, मध्ये पोट, टोकाशी बाहेर वळण. रुंद, जवळजवळ सपाट पटाशी आणि लाकडी मोगरी. ढलप्या उडतात, रेघा जातात. मग वाकलेल्या पृष्ठभागावर पुन्हा, या वेळी हातानं, पान काढायचं. नवशिक्यांना हे फार जिवावर येतं.

(दृश्य: पटाशीच्या दांड्यावरचा आकडा, अगदी जवळून.)

हा आकडा पटाशीच्या रुंदीचा नाही, गोलाईचा. ३ म्हणजे जेमतेम वाक. ९ म्हणजे जवळपास अर्धवर्तुळ. ११ म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी खोल.

खोल पटाशीनं आता डोळे पाडायचे. दोन पाकळ्या जिथे एकमेकींवर चढतात, तिथे थेंबाच्या आकाराचं एक भोक असतं. कारागीर त्याला डोळाच म्हणतात. प्रत्येक डोळ्याखालून एक फुगीर नळी निघते आणि तळापर्यंत उतरते. लांबून पाहणाऱ्याला पान नंतर दिसतं. आधी दिसतात हे काळे ठिपके.

(दृश्य: अथेन्स. लिसिक्रेटीसचं स्मारक, सहा स्तंभ, वर पानांचा तुरा.)

अथेन्सच्या प्लाका वस्तीतलं हे स्मारक इ. स. पू. ३३५-३३४ चं. मुलांच्या गायनवृंदानं स्पर्धा जिंकली, त्या विजयाची काशाची तिवई वर मांडण्यासाठी त्या वृंदाचा खर्च उचलणाऱ्या लिसिक्रेटीसनं ते बांधून घेतलं. इथली पानं ग्रीक धाटणीची: टोकं अणकुचीदार, आणि प्रत्येक छोट्या पाकळीचा छेद व्ही अक्षरासारखा. मध्ये धारदार घळ, एक बाजू उन्हात, एक सावलीत. रोमन लोकांनी पुढे हीच टोकं गोल केली, घळी चमच्यासारख्या खोलगट केल्या. रोमन पान गुबगुबीत आणि सुखवस्तू वाटतं. मला विचाराल तर ग्रीकच.

पण ग्रीक पान लाकडाला छळतं. संगमरवराला रेषा नसते, लाकडाला असते. पानात ती खालून वर धावते. बाजूची टोकं मात्र आडवी बाहेर निघतात. म्हणजे त्या अणीत तंतूंचे जेमतेम दोन-चार मिलिमीटरचे तुकडे उरतात. पटाशी जरा उलट दिशेनं लागली, की टोक गेलं.

(दृश्य: एपिडॉरसचं संग्रहालय. काचेशेजारून सरकणारा कॅमेरा; एक अखंड स्तंभशीर्ष.)

ग्रीसमधल्याच एपिडॉरसला, गोल मंदिराजवळ, हे स्तंभशीर्ष जमिनीत पुरलेलं सापडलं. पान न् पान शाबूत. अभ्यासकांचा कयास असा की हा कारागिरांसाठी केलेला नमुना असावा: हे बघा, आणि बाकीचे असे करा. त्या काळच्या ग्रीकांचं लाकडी कोरीव काम जवळजवळ सगळं कुजून गेलं. त्यामुळे आज लाकडात ग्रीक पान कोरणारा दगडाकडूनच शिकतो, आणि दगडाला न पडलेले प्रश्न स्वतः सोडवतो.

(दृश्य: पुन्हा टेबल. खिडकीतून तिरपा उजेड.)

उत्तर आहे धीराचं. व्ही पटाशीनं घळी काढायच्या, कडा कातरायच्या, पण टोकांच्या पाठीमागे लाकूड भरीव ठेवायचं. पाठ कोरायची सगळ्यात शेवटी. मोगरी बाजूला ठेवून, नुसत्या तळहाताच्या रेट्यानं. कड आतून पातळ होत जाते आणि अचानक जाडजूड फळीचं पान होतं.

पॉलिशपेपर इथे वर्ज्य. तो घळींची धार खातो. दर काही मिनिटांनी पटाशी चामड्याच्या पट्ट्यावर ओढायची, म्हणजे कापलेल्या जागीच चकाकी येते.

(आवाज: बारीक 'टक'.)

डावीकडचं तिसरं टोक.

(दृश्य: हात थांबतो. टेबलावरच्या ढलप्या बोटांनी हळू बाजूला सारल्या जातात.)

आता कुणी हलायचं नाही, पंखाही बंद. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा या ढिगात कुठेतरी आहे. तो मिळाला तर गोंदाचा एक थेंब पुरतो. ताजा तुटलेला तंतू आपल्या जागी असा बसतो की जोड दिसत नाही.

(दृश्य: ओलसर बोटाच्या टोकाला चिकटलेला फिकट कण.)

मिळाला.