निकालानंतरची चर्चा

श्रोतेहो, नमस्कार.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. त्यांच्या ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्रानं कितीतरी घरं सावरली. त्यामुळे 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ती बातमी इथं घरातली म्हणूनच आली. निकाल लागायला जवळपास 11 वर्षं गेली. 10 मे 2024 ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांची निर्दोष मुक्तता केली.

मग इथं साताऱ्यात राजवाडा परिसरात चहा पिताना काय ऐकू येतं? एक म्हणतो, “तिघं सुटले ना? मॅनेज झालं सगळं.” त्याला लागूनच दुसरा, “अहो, आत गेलेत तेही उगाच गोवलेत.” दोघांचं एकमेकांशी जमत नाही, पण निकालपत्र दोघांनीही उघडलेलं नाही!

त्यात काय आहे, ते तरी बघूया. गोळ्या झाडणाऱ्या दोघांबाबत प्रत्यक्षदर्शींची साक्ष न्यायालयानं ग्राह्य धरली. कटाचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची कलमंही टिकली नाहीत. तपासावर न्यायालयानं ताशेरे ओढले. म्हणजे ‘सुटले’ याचा अर्थ ‘कोर्ट विकलं गेलं’ असा होत नाही. संशय कितीही दाट असला, तरी शिक्षा पुराव्यावरच होते. म्हणून सुटलेल्या माणसाला नाक्यावर खुनी म्हणायचा अधिकार आपल्याला उरत नाही. आणि ज्यांच्यावर गुन्हा शाबित झालाय, त्यांना हारतुरे घालणं हाही न्यायालयाचा अपमानच. माझ्या मते हा दुसरा प्रकार जास्त वाईट, पण त्यावर आपण कमी बोलतो.

निकाल पटला नाही, तर गप्प बसा असं कुणी म्हणत नाही. 1971 चा न्यायालय अवमान कायदाच सांगतो, की निकाली निघालेल्या खटल्यावर रास्त टीका करणं हा अवमान नव्हे. पुरावा कुठं कमी पडला, तपास कुठं ढिला पडला, खुशाल बोला. फक्त न्यायाधीशांच्या हेतूवर शिंतोडे नकोत.

शिवाय अपिलाची वाट आहेच. निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताच्या कुटुंबालाही अपील करता येतं, 2009 मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं हा हक्क दिला. दाभोलकर कुटुंबीयांनी तेच केलं. ‘सूत्रधार कोण?’ हा त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. तो घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.