दोन आडव्या रेघा

[दृश्य : वहीचं पान. निळ्या शाईतलं गणित, त्यावर तांबडी फुली. बाहेर पाऊस.]

−३ − २ = +५

सहावीतल्या एका मुलीचं हे उत्तर. बाईंनी फुली मारलीय आणि मुलगी हटून बसलीय. नियमाप्रमाणं बरोबर आहे म्हणते.

"मायनस मायनस प्लस. सगळीच सांगत्यात की, बाई!"

सगळेच सांगतात, हे खरं. मलाही सांगितलं होतं. आमचे एक सर बाकावर पट्टी आपटत अख्ख्या वर्गाकडून ते तालात म्हणून घ्यायचे. ते इतकं पक्कं बसलं की पुढं दोन वर्षं वहीत कुठंही दोन मायनस शेजारी दिसले की मी डोळे मिटून प्लस करत सुटलो. काही उत्तरं बरोबर यायची, काही चुकायची. कुठली का, ते मला कळायचं नाही. सरांनी कधी विचारलंही नाही.

[दृश्य : कोल्हापूर, शाहूपुरी. जयंती नाल्याच्या बाजूची गल्ली. किराणा दुकान, बरण्या, तराजू, काउंटरवर पुठ्ठ्याची वही.]

त्या मुलीच्या आज्जीचं हे दुकान. गल्लीत सगळ्यांच्या मोबाईलवर पैसे भरायची सोय आली, पण उधारी अजून या वहीतच असते. प्रत्येक गिऱ्हाईकाचं एक पान. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या पानावर बाकी आहे १५० रुपये. गणिताच्या भाषेत त्याची अवस्था ऋण एकशे पन्नास.

संध्याकाळी तो येतो. साखर आणि पोह्याचं पाकीट नेतो, ४० रुपयांचं. "मांडा आज्जी." आज्जी मांडतात. आता तो किती पाण्यात? एकशे नव्वद. लिहायचं झालं तर −१५० − ४० = −१९०. यात दोन आडव्या रेघा आहेत, बघा. आणि तरीही कुठंच काही प्लस झालेलं नाही. कर्जात माणूस आणखी खर्च करतो तेव्हा तो आणखी खाली जातो. हे इस्त्रीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता तोच प्रसंग जरा वेगळा बघू. तो काही न्यायला आलेला नाही, तक्रार घेऊन आलाय.

"आज्जी, परवाची चाळीसची चहापूड मांडलीया तुम्ही. ती मी न्हेलीच न्हाई. पोरगं परत देऊन गेलंय."

आज्जी चष्मा सरकवतात, पान उलटतात, बरणीमागं बघतात. चहापुडीचं पाकीट तिथंच असतं. मग पेन घेऊन त्या ओळीवर रेघ ओढतात.

[दृश्य : जवळून. 'चहापूड ४०' या ओळीवरून फिरणारं पेन.]

नात शेजारी बसलेली.

"आता किती राहिलं गं?"

"एकशे दहा."

"त्याच्या खिशात पैसं आलं का?"

"न्हाई."

"मग चाळीस रुपयानं सुटला कसा?"

मुलगी गप्प. आज्जी हसतात आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळतात. त्यांना पूर्णांकांचा धडा माहीत नाही. पण वहीतून जे खोडलं, ते कर्ज होतं. एकशे पन्नासच्या कर्जातून चाळीसचं कर्ज वजा झालं. −१५० − (−४०) = −११०. ऋण काढून टाकणं आणि तेवढंच धन मिळणं, दोन्हीचा शेवट एकाच जागी.

[दृश्य : फळा. खडूनं दोन आडव्या रेघा, एकसारख्या.]

घोळ कुठं होतो, ते या फळ्यावर दिसतं. या दोन रेघा दिसायला सारख्या, काम वेगळं. एक रेघ आकडा कुठल्या बाजूचा आहे ते सांगते, ती त्याची अवस्था. दुसरी काय करायचं ते सांगते, ती कृती. मराठीत दोघींना दोन नावं आहेत. अवस्थेला ऋण, कृतीला वजा. आणि शब्दांची घराणीही वेगळी. ऋण संस्कृतातलं, वजा आणि बाकी हे हिशेबाच्या दफ्तरातून, मूळ अरबीतून आलेले. एवढं आयतं वेगळेपण हाताशी असताना आपण दोन्हीला मायनस म्हणायला लागलो, आणि मग मुलं गोंधळतात म्हणून त्यांनाच पाठांतर देतो. माझा राग आहे तो इथं आहे.

ते गणित पुन्हा वाचून बघा. "मायनस तीन मायनस दोन" यात तो ताल लगेच जागा होतो. "ऋण तीन वजा दोन" म्हटलं की तालाला जागाच राहत नाही. ऋण तीनमधून साधे, धन, दोन काढायचेत. आणि "ऋण तीन वजा ऋण दोन" हे तर कानालाच वेगळं ऐकू येतं.

[दृश्य : पेठेतली एक तालीम. खाली तांबड्या मातीचा हौद, वर लाकडी जिना. वरच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा मुलं.]

कोल्हापुरात शिकवणीला जागा मिळाली नाही, तर तालमीची वरची खोली असतेच. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. इथं फी नाही. खडूचा खर्च बाईंचा.

आज बाईंनी चिंचोके आणलेत. मधून फोडलेले, म्हणजे एक बाजू काळपट, एक पांढरी. जुन्या माणसांना हे बघून सारीपाट आठवेल. काळी बाजू वर असेल तर ऋण एक. पांढरी असेल तर धन एक. (चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचे हिशेबनीस हेच काड्यांनी करायचे, तांबड्या काड्या धन आणि काळ्या ऋण. आमच्याकडं तांबडा म्हटल्यावर पोरं रश्श्याकडं वळतात, म्हणून चिंचोकेच बरे.)

[दृश्य : सतरंजीवर तीन काळे चिंचोके.]

"हे ऋण तीन. यातनं ऋण पाच काढा."

"तीनच हाईत बाई, पाच कुठनं काढू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बाई एक काळा आणि एक पांढरा चिंचोका शेजारी ठेवतात. "ही जोडी कितीची?" शून्याची. "मग अशा दोन जोड्या मध्ये टाकल्या, तर मूळ आकडा बदलला का?" नाही. आता सतरंजीवर पाच काळे आणि दोन पांढरे. पाच काळे उचलून घ्या. दोन पांढरे उरले.

−३ − (−५) = +२

मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणतो, "बाई, ही फसवाफसवी झाली. मधीच कुठनं आणलं दोन?"

हा मुलगा मला आवडला. शंका धरून ठेवण्यासारखी आहे. पण विचार करा, शेजाऱ्यानं दोन रुपये तुमच्या हातावर ठेवले आणि तेवढेच तुमच्या नावावर मांडले. तुम्ही श्रीमंत झालात? गरीब झालात? होता तिथंच आहात. फक्त आता काढून टाकायला हाताशी काहीतरी आहे. मुलाचं पूर्ण समाधान झालेलं नाही, चेहऱ्यावर दिसतंय. बाई त्याला चिंचोके देतात आणि म्हणतात, घरी जाऊन करून बघ.

आमची दुकानाची नात मात्र कोपऱ्यात स्वतःचंच गणित मांडतेय. तीन काळे. त्यातून दोन पांढरे काढायचेत. पांढरा एकही नाही. मग दोन जोड्या टाकल्या, दोन पांढरे उचलले, आणि उरले काळे पाच. ती मोजते. पुन्हा मोजते. मग वहीतल्या +५ मधली उभी रेघ खोडून टाकते. बाईंना दाखवत नाही.

[दृश्य : फळ्यावर ५. त्याच्या डोक्यावर बाई एक टिंब देतात.]

बाराव्या शतकात भास्कराचार्य ऋण संख्या अशी लिहायचे, वर टिंब देऊन. पाचावर अनुस्वार दिला की पाच कर्जात! मुलांना हे भलतंच आवडतं. पण त्यातली सोय लक्षात घ्या. ऋणाची खूण आकड्याच्या डोक्यावर बसते, दोन आकड्यांच्या मध्ये येतच नाही. आपल्या मुलीच्या वहीतला घोळ त्या लिखाणात होणं अवघड. आडवी रेघ छापील पुस्तकात दिसते ती १४८९ साली जर्मनीत, योहानेस विडमनच्या हिशेबाच्या पुस्तकात. तिथं ती जास्त-कमी दाखवायला होती. एकच रेघ पुढं दोन्ही कामांना जुंपली गेली.

वजाबाकीचा नियम भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात अर्ध्या श्लोकात बसवलाय. जे वजा करायचं ते धन असेल तर ऋण होतं, ऋण असेल तर धन होतं, मग नेहमीसारखी बेरीज. शाळेच्या पुस्तकात आज 'विरुद्ध संख्या मिळवा' म्हणतात, ते हेच. गंमत अशी की धनाला ते 'स्व' म्हणतात, म्हणजे आपलं, आणि ऋणाला 'क्षय'. त्यांच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तानं सांगून ठेवलं होतं की धनातून ऋण काढायचं असेल तर ते मिळवावं. सगळी भाषा सावकाराच्या पेढीवरची. आज्जींना ती ऐकवली असती तर त्यांनी 'मग नवीन काय' असं विचारलं असतं.

[दृश्य : कसबा बावडा. राजाराम बंधारा. पंचगंगा गढूळ, फुगलेली. पाऊस भुरभुर.]

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना 'जेवलास का' विचारण्याआधी 'किती फूट' विचारतात. फूट म्हणजे पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी. बंधारा पाण्याखाली गेला, ही बातमी जवळजवळ दर वर्षीची. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी.

बाईंनी एक युक्ती केली. धोक्याच्या रेषेला शून्य म्हणायचं. तिच्यावर जितके फूट, तेवढं धन. खाली, तेवढं ऋण. मग इशारा पातळी झाली ऋण चार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सोयीसाठी ५५ धरू, म्हणजे धन बारा. भर शहरात, व्हीनस कॉर्नरला होड्या होत्या, ते हे पाणी.

आता इशाऱ्यापासून तिथपर्यंत पाणी किती चढलं? नव्या भाषेत, बारा वजा ऋण चार.

१२ − (−४) = ?

ज्याला मायनसच्या तालावर भरवसा नाही, त्यानं साध्या फुटांत करून बघावं. पंचावन्न वजा एकोणचाळीस, सोळा. यात ऋण संख्या कुठंच नाही. शून्य कुठं धरलं म्हणून पाणी काही कमी-जास्त चढत नाही, त्यामुळं नव्या भाषेतही उत्तर सोळाच यायला पाहिजे. ते बारा अधिक चार केल्याशिवाय येत नाही. मला शाळेत हे एकदा दाखवलं असतं, तर पट्टी वाचली असती.

[दृश्य : पातळीचे आकडे, पडद्यावर एकाखाली एक.]

एक उदाहरण आणखी. काल ऋण पाच, आज ऋण दोन. दोन्ही दिवस पाणी रेषेच्या खाली. −२ − (−५), म्हणजे धन तीन. उत्तर धन आलं, ते पाणी धोक्याच्या वर गेलं म्हणून नाही, तर चढलं म्हणून. उलट, धन दोनवरून ऋण एकला आलं, तर −१ − २, म्हणजे ऋण तीन. ओसरलं. आजच्यातून काल वजा करायचं, हा क्रम मात्र सोडायचा नाही. कालमधून आज वजा केलं तर चढणारं पाणी कागदावर उतरायला लागेल.

[दृश्य : रात्र. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत एक बल्ब. पावसाचा जोर.]

मुलगी मोबाईलवर बघतेय. आज्जी गल्ल्यातली चिल्लर मोजतायत.

"किती आलं गं?"

"ऋण दोन."

"नीट सांग की, खुळे."

"एक्केचाळीस फूट, आज्जी. सकाळी ऋण तीन होतं."

आज्जींची मोजणी थांबते. ऋण म्हणजे काय, हे त्या विचारत नाहीत. वहीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात, ती गणपतीच्या फोटोमागं ठेवतात आणि उठून साखरेच्या पोत्याचं एक टोक धरतात.

"बघत काय बसलीस? तिकडनं धर."

[पोतं वरच्या फळीवर जातं. शटर खाली.]