झोका कोणी हलवला?

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीने करतो, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोललो तर ते तुम्ही बेतानेच घ्याल.

मुलांसाठी लिहिलेली माझी पहिली भूतकथा छापून आली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. ओसाड घर, रात्री माळ्यावर फिरणारा दिवा, बारा वर्षांचा चौकस नायक. तिसऱ्या प्रकरणात वारा पडलेला असताना अंगणातला झोका आपोआप हलू लागतो, ते तर मी अगदी चवीचवीने लिहिलं होतं. शेवटी चोर सापडतो, माळ्यावरचा दिवा त्याचाच निघतो, प्रकरण मिटतं. पुढे एका वाचनाच्या कार्यक्रमात दहा वर्षांची एक मुलगी उठली. "काका, झोका कोणी हलवला?" मी म्हटलं, "चोराने." ती म्हणाली, "पण तो तेव्हा माळ्यावर होता ना? तुम्हीच लिहिलंय." लोक हसले, मीही हसलो. घरी जाऊन पुस्तक उघडलं. चोर माळ्यावरच होता.

तेव्हापासून भूतकथा लिहायला बसलो की मी शेजारी एक वही ठेवतो. दार करकरलं, लिहा. गार झुळूक आली, लिहा. आरशात कुणी दिसलं, लिहा. ही उधारीची वही. वाचकाला दचकवलं की तेवढं आपण त्याचं देणं लागलो. मोठी माणसं पुष्कळदा विसरून जातात. आठ ते बारा वर्षांचा वाचक मात्र सावकार असतो, व्याजासकट वसूल करतो.

आता भुताच्या गोष्टीत बालहेर घालण्यातली मूळ अडचण बघा. हेरकथा आणि भूतकथा या तशा सवती. एकीचं म्हणणं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधता येतं. दुसरी म्हणते, काही गोष्टींच्या वाटेला जाऊच नये. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाचे धर्मगुरू होते, स्वतः हेरकथा लिहायचे. त्यांनी १९२९ साली हेरकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला दुसराच नियम असा, की अमानवी शक्तींना कथेत थारा नाही. तिसरा आणखी गमतीचा: गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. परलोकाविषयी प्रवचनं देणारा हा गृहस्थ कागदावर मात्र भुताला उंबरठाही ओलांडू देत नव्हता, याची मला फार मौज वाटते. मुलांच्या लेखकांनी हे दोन्ही नियम धाब्यावर बसवले. भुयाराशिवाय तर आमचं पान हलत नाही.

भुताला आत घेण्यात आमची एक सोयही आहे. मोठ्यांच्या रहस्यकथेत पहिल्या दहा पानांत प्रेत पडतं. मुलांच्या पुस्तकात ते पाडायला हात धजत नाही. पण मुलं मरणाचा विचार करत नाहीत असं थोडंच आहे? भूत आलं की मरण मागच्या दाराने आत येतं. ते जुनं असतं, त्याचं रक्त वाळलेलं असतं, तरी प्रश्न ओला असतो. म्हणून चांगल्या पुस्तकात दोन तपास चालतात. हे आत्ता कोण करतंय, आणि तेव्हा काय झालं होतं. पहिल्यासाठी मूल पानं उलटतं. दुसरा त्याच्यासोबत झोपायला जातो.

भूत खरं ठेवणार असाल तर त्याला आरोपी करू नका, फिर्यादी करा. मात्र या फिर्यादीचं तोंड बांधायला हवं. त्याने पहिल्याच रात्री येऊन नाव सांगितलं, तर आपला बालहेर नुसता जबाब लिहून घेणारा कारकून होतो. भुताला एक मर्यादा घाला: ते त्या एकाच खोलीत येतं, किंवा आपण मेलोय हेच त्याला ठाऊक नाही. ती मर्यादा लवकर सांगा आणि मग काही झालं तरी मोडू नका.

खोट्या भुताची गोष्ट लिहिणारे जास्त, आणि फसणारेही तेच जास्त. दीडशे पानं घाबरवायचं आणि शेवटी पांढरी चादर पांघरलेला माणूस काढायचा. डोंगर पोखरून उंदीर. मुलांचा राग उलगडा झाला याचा नसतो. तो भीतीपेक्षा फारच लहान निघाला, याचा असतो. खरं तर प्रत्यक्षातले उलगडे चादरीपेक्षा कितीतरी चमत्कारिक आहेत. १९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नव्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलं ऐकू येऊ लागली, माणसं दिसू लागली, मुलं फिकट पडली, कुंड्यांतली झाडंसुद्धा मरायला लागली. कारण निघालं घर गरम ठेवणारी, बिघडलेली भट्टी. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरत होता. म्हणजे भूत नव्हतं, पण घर खरोखरच त्यांच्या जिवावर उठलं होतं! हा उलगडा भीतीपेक्षा मोठा आहे.

दुसरी हकीकत इंग्लंडमधल्या विक टँडी या अभियंत्याची. रात्री प्रयोगशाळेत एकटा काम करत असताना त्याला थंड घाम फुटला आणि नजरेच्या कडेला करड्या रंगाचं काहीतरी उभं राहिलं. मान वळवली तर नाहीसं. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी त्याला आपली तलवार दुरुस्त करायची होती. पातं शिकंज्यात धरलं, तेल आणायला गेला, परत येऊन बघतो तर पातं आपोआप थरथरतंय. इथे पळून न जाता त्याने काय केलं असेल? शिकंजा उचलला आणि खोलीत ठिकठिकाणी ठेवून पाहिला. मधोमध थरथर सर्वांत जास्त, टोकांना जवळपास नाही. नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांची ध्वनिलहर खोलीत तयार होत होती. माणसाच्या कानाला साधारण २० च्या खालचं ऐकू येत नाही. पंख्याच्या बसवणीत बदल केल्यावर लहर गेली. त्याने हे १९९८ साली प्रसिद्ध केलं. अशा लहरींनी माणसाला भास होतात की नाही यावर पुढे बरेच वाद झाले. मला त्यातलं आवडतं ते शिकंजा उचलणं. तुमच्या बालहेराकडून एवढं एक करवून घ्या: घाबरलेलं असताना वस्तू उचलून दुसरीकडे ठेवून बघणं.

मूल म्हणजे निरागस, असं धरून चालणाऱ्यांसाठी फॉक्स बहिणींची आठवण. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी १८४८ साली दोन लहान बहिणींच्या घरात रात्री ठकठक ऐकू येऊ लागली. प्रश्न विचारला की ठोके उत्तर देत. त्यातून मृतात्म्यांशी बोलण्याचा पंथ उभा राहिला आणि समुद्रापार गेला. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, थोरल्या मॅगीने भर सभागृहात पायाची बोटं मोडून तो आवाज काढून दाखवला. पुढच्या वर्षी कबुली मागेही घेतली, हाही त्या नाटकाचाच एक अंक. पोरी लहान म्हणून सुरुवातीला पुष्कळांनी त्यांच्यावर संशय घेतला नाही. लहानपणाचं हे अदृश्य असणं हेराच्याही कामाचं आहे, गुन्हेगाराच्याही.

आणि हेर? एमिली रोझा नावाची अमेरिकन मुलगी ९ वर्षांची असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधत होती. काही परिचारिका रुग्णाला स्पर्श न करता, तळहाताने त्याची ऊर्जा जाणवते असं सांगून उपचार करत. एमिलीने मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा लावला, खाली दोन भोकं. उपचार करणाऱ्याने त्यातून दोन्ही हात पलीकडे घालायचे, तळवे वर. पलीकडे एमिली नाणं उडवायची आणि पडेल त्याप्रमाणे उजव्या किंवा डाव्या हातावर, न टेकवता, आपला हात धरायची. माझा हात कुठे आहे, सांगा. २१ जण, २८० प्रयत्न, १२३ बरोबर. म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मे बरोबर यायचे. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलं गेलं तेव्हा ती ११ वर्षांची होती.

लक्षात घ्या, यात पाठलाग नाही, भिंग नाही, वेषांतर नाही. एक पुठ्ठा आणि एक नाणं. पण नाणं का, स्वतःच का नाही ठरवलं? कारण स्वतः ठरवलं तर आपल्याही नकळत एक क्रम पडतो, आणि समोरचा तो ओळखू शकतो. म्हणजे या मुलीने स्वतःवरही संशय घेतला. बालहेर लिहिताना नेमकं हेच आपल्या हातून निसटतं. आपण त्याला चलाख करतो, मोठ्यांना गप्प करणारी वाक्यं त्याच्या तोंडी घालतो, आणि तो मनातून काय खरं निघावं म्हणून तडफडतोय हे विसरतो. मुलाला भूत हवं असतं. ज्याचा आजोबा वा भाऊ गेलाय त्याला तर फारच हवं असतं. हवंसं वाटत असतानाही जो तपासून बघतो, तो माझा हेर.

सध्या एक पुस्तक लिहितोय. त्यातली मुलगी ११ वर्षांची. आजी जाऊन तीन महिने झालेत. रोज रात्री आजीच्या बंद खोलीतली खुर्ची खिडकीकडे वळते. पोरीची पक्की खात्री, आजी येते. तरी ती एका रात्री खोलीभर खडूची भुकटी पसरते, दाराला दोरा बांधते आणि झोपते. सकाळी दोरा तुटलेला. भुकटीत पावलं उमटलेली: अनवाणी, लहान, खुर्चीपर्यंत जाऊन परत आलेली. ती पलंगावर बसते, आपला तळवा वर करून बघते. पांढरा. बराच वेळ ती तशीच बसून राहते. मग वही काढते, संशयितांच्या यादीखाली एक ओळ सोडते आणि स्वतःचं नाव लिहिते.

इथवर आलोय. पण पहिल्या प्रकरणात खुर्ची वळताना आईने जिन्यातून पाहिली, आणि तेव्हा पोरगी तिच्या शेजारी उभी होती. वहीत ती उधारी अजून तशीच आहे.